उजवीकडून वाचा

"नाव: अज्ञात." सकाळपासून हेच टाईप करून अरुणाचं डोकं उठलं होतं. परदेशात, बुओना व्हिस्टातल्या तिच्या ऑफिसात दीडशे वर्षांपूर्वीच्या पेकिंगचे फोटो एका प्रदर्शनासाठी संगणकावर चढवत होते. फोटो काढणाऱ्या साहेबाचं नाव, साल, सगळं जागच्या जागी. ज्याचा फोटो, त्याच्यापुढे मात्र नुसतं 'मुसलमान खाटीक'! संताप येणार नाही तर काय?

त्या फोटोत पांढऱ्या टोपीतला एक माणूस दुकानाच्या दारात ताठ उभा होता. वर चिनी अक्षरांची पाटी होती, पण ती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला तिचा काही अर्थ लागत नव्हता. तिचा साहेब निशिकांत म्हणाला, सोडून दे, पाच वाजता मजकूर छापायला जायचाय. एकदा छापलं की तो बिचारा कायमचा खाटीकच राहणार होता.

धुमसतच ती खाण्याच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरवर जेवायला गेली. मटण सूपच्या स्टॉलवरचे अंकल चिनी मुसलमान. तिने फोनमधला फोटो त्यांच्यापुढे धरला आणि सॉफ्टवेअरला पाटी वाचता येत नाही म्हणून सांगितलं. त्यांनी हात पुसून चष्मा चढवला आणि हसले. जुन्या पाट्या उजवीकडून वाचतात, तुमच्या मशीनने उलटी वाचली, म्हणाले. पाटीशेजारी नमाजाआधी हातपाय धुवायचा लोटा का रंगवलाय, तर अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं, की दुकान मुसलमानाचं आहे. मग अक्षरावर बोट ठेवून त्यांनी वाचलं, "मा. मा घराण्याचं मटणाचं दुकान."

अरुणाला कोण आनंद झाला! मग ती तावातावाने बोलत सुटली. काय माणसं असतात, साधं नाव विचारायला यांचं काय जात होतं?

अंकलनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "अरुणा, माझं नाव काय?"

सहा वर्षं ती इथे जेवत होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिचं नाव विचारून लक्षात ठेवलं होतं. तिच्या फोनमध्ये ते होते 'हलाल सूप अंकल'. इथे येण्याआधी सांगलीत तरी वेगळं काय होतं? खिळे आणायला ती 'बोहऱ्याकडे' जायची. त्या माणसाचं नाव तिला आजही माहीत नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "सांगा ना."

"दाऊद तिंग."

सूप निवत असताना तिने ते नाव फोनमध्ये घातलं. पाचच्या आत फोटोखालचा मजकूरही बदलला: 'मा, मटणाचे दुकानदार, पेकिंग.' निशिकांत कुरकुरला, तर कुरकुरला.

वाचकहो, आपल्या भाजीवाल्याची, चपला शिवणाऱ्याची जात आणि धर्म आपल्याला बिनचूक ठाऊक असतो, नाव तेवढं नसतं. आजच विचारा. फोटो काढणाऱ्या त्या साहेबाला नावं ठेवायची ती त्यानंतर.