‘झालं’ म्हटल्यानंतरचा फोटो

स्टुडिओवाल्याचं काम म्हणजे दिवसभर ओळखपत्रांचे फोटो. मान सरळ, कान दिसू देत, हसू नका. पंधरा वर्षं हेच करून त्याचा हात बसला होता आणि जीव विटला होता. त्याला तारलं ते एका पुस्तकानं. आवडत्या फोटोग्राफरच्या त्या पुस्तकाची त्याने इतकी पारायणं केली होती की पानं सुटी झाली होती. गिऱ्हाईक नसलं की हा पठ्ठ्या त्यात डोकं खुपसून बसे. बायको म्हणे, "त्या माणसाचं आडनावच लाव आता."

पुस्तकाच्या शेवटी त्या फोटोग्राफरने आपली युक्ती सांगून टाकली होती. पहिला क्लिक समोरच्या माणसासाठी. मग "झालं" म्हणायचं. माणूस सैल पडतो, ठेवणीतला चेहरा उतरवतो, तेवढ्यात दुसरा क्लिक करायचा. तो आपला.

युक्ती करून बघायला याचे हात शिवशिवत होते. सापडली कोण, तर थोरली बहीण. ताई चार दिवसांसाठी म्हणून सासरहून आली होती, त्याला दोन महिने झाले. कशी आहेस विचारलं की म्हणे, "मजेत." घरात सगळ्यांनीच मिठाची गुळणी धरली होती, खोदून विचारलं आणि काही निघालं, तर निस्तरायचं कुणी? नोकरीच्या अर्जाला फोटो हवा म्हणून ती स्टुडिओत आली. त्याने एक काढला, "झालं" म्हणाला आणि दुसरा काढला.

दुसऱ्या फोटोत ताईचे खांदे पडले होते. कुणीतरी आपल्याला न्यायला येईल या धास्तीने ती दाराकडे बघत होती. इतका चांगला फोटो त्याने जन्मात काढला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर ते आनंदाचं होतं.

एका स्पर्धेला परीक्षक म्हणून तोच फोटोग्राफर येणार होता. घोडं अडलं ते एका सहीवर, फोटोतल्या माणसाच्या संमतीच्या. फोटो पाठवायच्या शेवटच्या दिवशी सकाळी फोटोची मोठी प्रत आणि फॉर्म घेऊन तो ताईकडे गेला. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

ताईने फोटो बराच वेळ पाहिला. "हा कधी काढलास?"

"त्याच दिवशी. कळू न देता काढावा लागतो, नाही तर जमत नाही."

"म्हणजे पंधरा दिवस झाले. हे तुला तेव्हाच दिसलं होतं?"

"दिसलं म्हणून तर काढला," तो उत्साहात बोलून गेला. "गालावरचा उजेड बघ ना."

तिने पेन मागितलं, सही केली आणि फॉर्म त्याच्या हातात दिला. खरं तर त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तिची ती नीटनेटकी सही बघताना त्याला स्वतःची लाज वाटली.

"ताई, तिकडे काय झालंय?"

"आता विचारतोस? सही घेतल्यावर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याने समजूत काढली असती. तिने मोठी चादर उचलली आणि दुसरं टोक धर म्हणून त्याला सांगितलं नाही.