कमरेएवढा वाफा

"एवढा उंच कशाला?" भिंगबाईंनी विचारलं.

मुलगा उकिडवा बसून विटा रचत होता. मान वर न करता म्हणाला, "तुला वाकायला नको म्हणून, आई."

"मी कधी म्हटलं मला वाकता येत नाही?"

"तू नाही म्हटलंस. तुझे गुडघे म्हणतात. जिना चढतेस तेव्हा आम्हाला आत ऐकू येतं."

सून हसली. विटा आणून देणारे पंखेवाले हसले. ते शेजारीच राहत आणि फाटकाजवळच्या गाळ्यात पंखे दुरुस्त करत. भिंगबाई मात्र हसल्या नाहीत. ज्या मुलाने आजवर घरात एक खिळा सरळ ठोकला नव्हता, तो सुट्टीच्या दिवशी घाम गाळून आईसाठी वाफा बांधतोय, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं त्यांना कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं.

कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर त्यांचं उभं आयुष्य गेलं. शर्ट यायचे, बाई ते उलटे करायच्या, शिवण ताणून बघायच्या आणि सुटलेला टाका बरोबर शोधून काढायच्या. टेबलावर एक भिंग असायचं, पण ते साहेब आले की हातात धरायला. बाईंचे डोळेच पुरेसे होते. शिवणाऱ्या मुली त्यांना आधी पाठीमागे भिंगबाई म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागल्या, आणि नोकरी संपली तरी नाव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. शिवण वरून जितकी सुबक, तितकी ती आतून नीट बघावी, असं त्यांचं मत होतं. माणसंही त्या अशीच उलटी करून बघत. दूधवाला गोड बोलला की त्या माप डोळ्यांसमोर धरायला लावत. डॉक्टर "काळजीचं काही नाही" म्हणाले की त्यांना काळजी लागे.

त्यामुळे इमारतीमागच्या पडीक जागेत बाग करायचं खूळ सुनेने काढलं, तेव्हा बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की यात कोणाचा काय फायदा. मोडक्या खुर्च्या आणि राडारोडा पडलेली ती जागा. सून घरोघरी फिरली, लोकांना तयार केलं, घमेली उचलली. विकतचं खत घालायचं नाही, औषध फवारायचं नाही. घरोघरचा ओला कचरा खड्ड्यात, त्यावर वाळक्या पानांचा थर. भाजी धुतलेलं पाणी झाडांना. माती उघडी ठेवायची नाही, पानांनी झाकायची. बी आपल्याच झाडांचं धरायचं. बाईंना यातलं काडीचंही पटलं नाही. घाण सुटेल, उंदीर होतील आणि जागा नीटनेटकी झाली की कोणीतरी बडा माणूस ती घशात घालेल, असं त्यांनी जाहीर सांगून टाकलं. शिवाय पंखेवाले सोलपटं कमी आणतात आणि टोमॅटो जास्त नेतात, याबद्दल त्यांची खात्रीच होती.

पण हे झाले चिल्लर संशय. त्यांचा खरा घोर वेगळाच होता. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहत. त्यांची मुलं एकामागून एक दूरगावी गेली. आता नर्सबाई संध्याकाळी जिन्यात बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून आज भाजी काय आणली ते विचारत. त्यांच्यासमोरून जाताना भिंगबाई दुखऱ्या गुडघ्यांनीही भरभर पावलं टाकत. एक दिवस मुलगा आणि सून आपल्यालाही इथे ठेवून जातील, ही भीती त्यांच्या मनात घर करून होती. मुलाने गॅलरीचं दार लोटून फोन घेतला, सुनेने अर्धं वाक्य गिळलं, की मनात पाल चुकचुके. आणि अलीकडे दार फार वेळा लोटलं जात होतं.

एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी सरळच विचारलं, "तुम्ही दोघं माझ्यापासून काही लपवत नाही ना?"

"काय लपवणार, आई?" सून म्हणाली.

प्रश्नाला प्रश्नच उत्तर म्हणून आला, हे बाईंनी मनात नोंदवून ठेवलं.

एवढं असूनही त्या खाली जायला लागल्या. आधी नुसत्या लक्ष ठेवायला. सकाळी लोक बादल्या घेऊन यायचे, आणि बाई खड्ड्यापाशी उभ्या. फळावरची चिकटपट्टी सालीला तशीच राहिलेली, चहाच्या चोथ्यात स्टेपलची तार, लसणाच्या सालीत रबराचं वेटोळं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. "हे कुजायचं नाही. घरी न्या." तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई तर स्वयंपाकघरातच बादली दोनदा तपासून मग खाली उतरत. कोणी न विचारता, कोणी न नेमता बाईंना पुन्हा तपासणीचं टेबल मिळालं होतं. त्यांना ते आवडत होतं, पण तसं कबूल करतील तर त्या भिंगबाई कसल्या!

वाफ्यात पालक तरारून आला. त्या दिवशी बराच वेळ त्या पानं उलटून खालून बघत राहिल्या.

"छान आलाय ना?" सून म्हणाली.

"जरा जास्तच छान आलाय. कोणीतरी गुपचूप विकतचं खत घालतंय."

"तुम्हीच घालता, आई. खड्ड्यातलं. परवा चाळून नाही का घातलंत?"

बाई "हं" म्हणाल्या आणि आणखी एक पान उलटलं.

मग एका सकाळी सून त्यांना घाईघाईने खड्ड्यापाशी घेऊन गेली. तिच्या हातात लोखंडी गज होता.

"हा ढिगात मधोमध खुपसायचा. थोडा वेळ तसाच ठेवायचा. काढला की लगेच हात लावून बघायचा. गरम लागला तर आत काम चाललंय. गार लागला तर ढीग हलवायचा, पाणी शिंपडायचं. घ्या, तुम्ही करा."

"तू बघतेस की रोज."

"हो, पण तुम्हाला यायला हवं ना."

बाईंनी गज खुपसला. सून बोलतच होती. वाळकी पानं कोण आणून देतं, तो आला नाही तर कोणाला सांगायचं. अवजारांच्या खोलीची किल्ली कुठे असते. शिक्षिकाबाई पाणी घालायला लगेच हो म्हणतात आणि विसरतात, तेव्हा त्यांना दुसऱ्यांदा आठवण करायची. "आणि त्या खोलीची कडी लागत नाही पटकन. दार थोडं उचलून धरायचं, मग लागते."

कडीशी आल्यावर बाईंनी ऐकणं थांबवलं.

नोकरी सुटायच्या आधी त्यांनीही जागेवर येणाऱ्या नव्या मुलीला असंच शिकवलं होतं. आधी काम शिकवलं, मग कामाच्या आजूबाजूचं सगळं. टेबलाचा कोणता पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा कसा घालायचा, हेसुद्धा. उद्याही आपण तिथेच असणार असू, तर कोणी कोणाला डुगडुगता पाय दाखवत बसत नाही.

बाईंनी गज बाहेर काढला. हात लावला नाही.

"कधी निघताय?"

"कुठे?" सून म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

"ते तू सांग."

ती बोटांची माती काढत राहिली. "पुढच्या महिन्यात. ह्यांना दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात बढती मिळालीये. तुम्हाला सांगणारच होतो, आई. रोज आज सांगू, उद्या सांगू असं चाललं होतं. हे म्हणाले, आधी आईला बागेत रुळू दे."

"रुळले की," बाई म्हणाल्या. "चांगली रुळले."

"तुम्ही पण चला ना. खोली एकच मिळणार आहे, पण करू काहीतरी."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. हे बोलणं त्यांनी चारी बाजूंनी ताणून बघितलं. त्यांना खोट सापडेना. पोरगी मनापासून म्हणत होती. खोट असती तर रागावता तरी आलं असतं. आता तेही जमेना.

जेवताना मुलगा म्हणाला, "आई, तुझं सगळं इथेच आहे गं. ओळखी आहेत, दवाखाना जवळ आहे. आता तर बाग पण आहे." वाक्य तयार होतं, बरेच दिवस घोळवलेलं. शेवटपर्यंत त्याने ताटातून नजर उचलली नाही. बाईंना त्यातले सगळे सुटलेले टाके दिसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माल तसाच पुढे जाऊ दिला.

"हो रे," त्या म्हणाल्या. "मला काय धाड भरलीये. तू नीट जेव."

जायच्या दिवशी सामानाचा टेम्पो उजाडताच आला. पंखेवाल्यांनी दोऱ्या बांधायला हात लावला. सून पाया पडली आणि उठेचना, तेव्हा बाईंनीच तिला दंडाला धरून उठवलं आणि "पोहोचलात की कळवा" म्हणाल्या. टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या गॅलरीत उभ्या होत्या. मग त्यांनी केस नीट केले, पदर खोचला आणि रोजच्या वेळेला बागेत उतरल्या.

शिक्षिकाबाई बादली घेऊन आल्याच होत्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. इकडेतिकडे बघत त्या म्हणाल्या, "सूनबाई दिसत नाहीत आज?"

"आहे वर," भिंगबाई म्हणाल्या. "दूध तापवतेय. येईल."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पंखेवाले मागेच उभे आहेत. त्यांच्या तळहातांवर दोऱ्यांचे वळ अजून लाल होते. आता हा माणूस काहीतरी बोलणार. बाई, हे काय, आत्ताच तर गेले ना ते, असं बोलणार. त्यांनी मान खाली घातली आणि वाट पाहिली.

"हो," पंखेवाले शिक्षिकाबाईंना म्हणाले. "मघाशी बघितलं मी. गॅलरीत होत्या."

मग ते पुढे झाले आणि त्यांनी आपली बादली बाईंसमोर तपासायला धरली. बाईंनी आत न बघताच म्हटलं, "टाका."