खालचा सूर

गुरुवारी दुपारनंतर दवाखाना बंद असतो, म्हणून चिहायाच्या स्वागताची पार्टी गुरुवारीच ठेवली होती. मात्सुमोतो स्टेशनाजवळच्या कराओकेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतलेली. दातांचे डॉक्टर कुरेबायाशी, त्यांच्या हाताखाली वीस वर्षं काढलेल्या सादाएबाई, काउंटर सांभाळणारी नात्सुहो आणि दोन आठवड्यांपूर्वी कामाला लागलेली बावीस वर्षांची चिहाया, अशी चारच माणसं. टेबलावर तळलेली कोंबडी, बटाट्याच्या काचऱ्या आणि खरबुजाच्या सरबताचे हिरवेगार ग्लास.

"इथे एकट्याने मिरवायचं गाणं लावायचं नाही," सादाएबाईंनी चिहायाला बजावलं. "दुसऱ्याला सोबत सूर धरता येईल असंच लावायचं. म्हणजे बेसूर कोण ते शोधावं लागत नाही."

"शोधावं लागत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे," डॉक्टर म्हणाले.

"तुमचं तोंड आज मिटलेलं बरं. आठवडाभर लोकांची उघडायला लावता."

दोन-तीन गाणी झाली. डॉक्टर वरच्या पट्टीत अडकले, सादाएबाईंनी त्यांना खाली ओढून आणलं. मग चिहायाने यादीतून एक जुनं गाणं काढलं. दोन मैत्रिणी शाळा सुटल्यावर सायकलवरून नदीकाठाने घरी जातात, असं ते गाणं. ते गाजलं तेव्हा चिहायाचा जन्मही झाला नव्हता.

"ताई, तुम्हाला येतं?" तिने नात्सुहोला विचारलं. "तुम्ही मुख्य चाल घ्या. मी खालचा सूर धरते."

नात्सुहोला येत होतं. कित्येक वर्षांत तिने ते तोंडातून काढलं नव्हतं, पण चिहायाचा आग्रह मोडवेना. पहिलं कडवं नीट गेलं. चिहायाचा आवाज तिच्या आवाजाखाली जाजमासारखा पसरला होता. डॉक्टर खुळखुळा वाजवत होते. मग धृपदाची शेवटची ओळ आली. त्या ओळीत खालचा सूर पायऱ्या उतरत जातो आणि तळाशी थांबतो. रेकॉर्डमध्ये तसंच आहे, सगळे तसंच गातात.

चिहायाचा सूर उतरला नाही. तो अर्ध्यावर वळला, वर चढला आणि नात्सुहोच्या चालीच्याही वर जाऊन टेकला.

नात्सुहोचा आवाज बंद पडला. पडद्यावर शब्द रंग बदलत पुढे सरकत होते आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं.

ते वळण कुणाचं होतं हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यांतलं एक मरून गेलेलं होतं. आई भांडी घासताना मुख्य चाल गायची आणि सहा वर्षांच्या नात्सुहोला खालचा सूर द्यायची. लहान मुलीचा आवाज तेवढा खाली पोचायचा नाही, घशात घरघर व्हायची. "खाली जमत नाही ना? मग वर जा," एकदा आई म्हणाली. नात्सुहो वर गेली. ते इतकं गोड लागलं की पुढे दोघी तसंच गायला लागल्या. नात्सुहो नऊ वर्षांची असताना आईबाप वेगळे झाले, आई घर सोडून गेली. दीड वर्षाने बाबांनी सांगितलं, ती नागोयाला आजारपणात वारली, क्रियाकर्म तिच्या माणसांनी केलं. तारीखसुद्धा सांगितली, चौदा नोव्हेंबर. त्या दिवशी दरवर्षी नात्सुहो आईच्या फोटोपुढे उदबत्ती लावायची. शेवंतीची फुलं बाबा आणून द्यायचे.

"हा शेवट कुठे शिकलीस?" गाणं संपल्यावर तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"चुकलं ना?" चिहाया ओशाळली. "रेकॉर्डमध्ये तसं नाही, माहीत आहे मला. पण आमची आई असंच गाते, त्यामुळे जिभेवर तेच बसलंय."

"गाते?"

"हो. आंघोळ करताना तर फारच."

"नाव काय तुझ्या आईचं?"

"इकुमि. का हो?"

नात्सुहो रिकामा ग्लास घेऊन बाहेर आली. खोल्यांमधल्या बोळकांडीत सरबताचं यंत्र होतं, त्याचं बटण तिने दाबलं आणि दाबूनच ठेवलं. सरबत ग्लासातून ओसंडून मनगटावरून कोपरापर्यंत आलं, गार आणि चिकट. तिने हात काढला नाही. आजूबाजूच्या दारांमागून चार वेगवेगळी गाणी एकमेकांत मिसळून येत होती. सादाएबाई शोधत आल्या, तिच्याकडे एकवार बघितलं आणि काही न विचारता तिचं बोट बटणावरून उचललं.

ती घरी पोचली तेव्हा अजून ऊन होतं. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रानातले कोवळे कोंब निवडत बसले होते. अडुसष्ट वर्षांचे, सरकारी बस चालवून निवृत्त झालेले, बोलण्यात कंजूष.

"आई जिवंत आहे," नात्सुहो दारातूनच म्हणाली.

बाबांच्या हातातला कोंब हातातच राहिला. त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "कुणी सांगितलं?"

नात्सुहोने चौकट धरली. यंत्रापाशी उभी होती तेव्हाही तिच्या मनाचा एक कोपरा म्हणत होता, इकुमि नावाच्या बायका पुष्कळ असतात. तो कोपरा आता गेला.

"तारीख कुठून आणलीत? चौदा नोव्हेंबर?"

"त्या दिवशी सांगितलं तुला. तीच सांगितली." ते खाली बघतच बोलत होते. "तू शाळेतून आल्यावर रोज बसथांब्यावर जाऊन बसायचीस. अंधार पडला तरी उठायची नाहीस. जेवायची नाहीस. डॉक्टर म्हणाले, सलाइन लावावं लागेल. ती येणार नव्हती, तिचं दुसरीकडे ठरलं होतं. सांगितलं तेव्हा दोन दिवस रडलीस, तिसऱ्या दिवशी भात खाल्लास."

"आणि फुलं?"

"एकदा आणली, मग थांबवता येईनात."

"तिला काय सांगितलंत?"

बाबांनी हातातला कोंब कागदावर ठेवला. मग म्हणाले, "की तुला तिचं तोंड बघायचं नाही."

नात्सुहोने टेबलावरचं वर्तमानपत्र कोंबांसकट उचलून फरशीवर आपटलं. उभ्या आयुष्यात तिने बाबांसमोर असं काही केलं नव्हतं. बाबा खाली बसून एकेक कोंब गोळा करायला लागले. ते बघवेना म्हणून ती वर निघून गेली.

शुक्रवारी सकाळी कपडे बदलायच्या खोलीत तिने चिहायाला गाठलं. सांगताना शब्द जुळेनात, म्हणून पाकिटातला आईचा फोटोच पुढे केला. चिहायाने तो पाहिला आणि ती बाकावर बसली.

"आईला आधीची मुलगी आहे, हे मला माहीत होतं," ती हळू म्हणाली. "नाव मात्र तिने कधी सांगितलं नाही. ती मुलगी आमचं नावसुद्धा काढू देत नाही, असं आई म्हणायची. दर वाढदिवसाला पत्र लिहायची. ती पत्रं न फोडता परत यायची." तिने मान वर केली. "म्हणजे तुम्ही माझ्या खरोखरच्या ताई?"

नात्सुहोला हो म्हणता येईना. त्या दिवशी तिने तीन जणांना चुकीच्या वेळा दिल्या. लहान मुलाच्या नावावर कवळीची नोंद केली. डॉक्टर ती पानं गुपचूप दुरुस्त करत राहिले.

रविवारी आईकडे उएदाला जायचं, असं दोघींनी ठरवलं. पण चिहायाने शुक्रवारी संध्याकाळी घरी सांगितलं आणि शनिवारी साडेनऊला दवाखान्याचं दार उघडून एक बाई आत आली. सत्तावन्न वर्षांची, ठेंगणी, केस पांढरे, कोटाची बटणं भलत्याच काजांत लावलेली. ती सरळ काउंटरपाशी येऊन उभी राहिली.

नात्सुहोने वर बघितलं आणि तिच्या तोंडून सवयीने निघालं, "विम्याचं कार्ड आणलंय?"

बाईने मुकाट्याने पर्समधून कार्ड काढून दिलं. नात्सुहोने ते घेतलं, नाव वाचलं, जन्मतारीख वाचली. "काय त्रास होतोय?"

"दात दुखत नाहीत माझे," बाई म्हणाली.

बाकावर वाट बघणारी माणसं मासिकातून डोकी वर काढून बघायला लागली. सादाएबाई आतून आल्या, त्यांनी नात्सुहोच्या हातातलं कार्ड काढून घेतलं. "जा. काउंटर मी बघते."

मागच्या आवारात गाड्या लावायच्या जागेत दोघी उभ्या राहिल्या. नात्सुहोला रडू येत नव्हतं, येत होता तो राग, आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

"मी तुमच्यासाठी फुलं वाहिली," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं. तुम्ही एकदा दारात येऊन बघितलं असतं तर?"

"आले होते," आई म्हणाली. "तू सातवीत होतीस. शाळेच्या फाटकाबाहेर उभी होते. तू मैत्रिणींबरोबर हसत बाहेर आलीस. मला वाटलं, हिचं बरं चाललंय. मी आले तर पुन्हा विस्कटेल. भित्री होते मी. तुझ्या वडिलांचं खोटं मला सोयीचं पडलं, हे मला आता कळतंय."

या उत्तराची नात्सुहोने तयारी केली नव्हती. बाबांवर सगळं ढकलून आई मोकळी होईल, असं तिला वाटलं होतं. तिने आईच्या कोटाची चुकलेली बटणं बघितली, एक काढलं, नीट लावलं आणि मग हात मागे घेतला.

"मी आत जाते. पेशंट थांबलेत."

"पुन्हा येऊ?"

"या," नात्सुहो म्हणाली. तेवढंच तिला जमलं.

संध्याकाळी जेवताना बाबा समोर बसले होते. दोन दिवस दोघं एका टेबलावर न बोलता जेवत होते.

"ती दवाखान्यात आली होती," नात्सुहोने सांगितलं.

बाबांनी जेवणाच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. "केस पिकले असतील."

"सगळे."

त्यांनी मान हलवली आणि काड्या पुन्हा उचलल्या. नात्सुहो उठून वर गेली. पाकिटातला फोटो तिने दिव्याखाली धरला. त्यातली बाई बत्तीस वर्षांची होती. नात्सुहो स्वतः चौतीस वर्षांची. आपल्याहून लहान असलेल्या या पोरीला आपण इतकी वर्षं आई म्हणत होतो, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं आणि ती जमिनीवर बसून राहिली.