परब जी. आर.

पडद्यावरचा म्हातारा कॉलेजच्या दारात सायकलवरून पडला, त्याची टोपी घरंगळत जाऊन एका मुलीच्या पायाशी थांबली, आणि हिंदमाताजवळचं ते अख्खं थिएटर खो खो हसलं. सगळ्यांत मोठ्यानं जयवंत परब हसला. हसणं भागच होतं. एका बाजूला वर्गातला रामदास, दुसऱ्या बाजूला दौलत, आणि दोघेही पडदा सोडून त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"जया, तुझ्या बापाची गोष्ट यांना कुणी सांगितली रे?" रामदासनं विचारलं.

"आमच्याकडे सायकल नाही," जयवंत म्हणाला. "नाहीतर आमचा म्हातारा रोज पडला असता."

दोघं हसले आणि पुन्हा पडद्याकडे वळले. जयवंत सुटला.

त्याचे वडील गुणाजी परब डिलाईल रोडच्या चाळीत राहत आणि जवळच्याच गिरणीत दुसऱ्या पाळीला साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवीत. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी रात्रशाळेतून मॅट्रिक केली. चाळीनं सत्कार केला, नारळ दिला. आता हा माणूस गप्प बसेल असं जयवंतला वाटलं होतं. पण जूनमध्ये गुणाजींनी सकाळच्या कॉलेजात नाव घातलं, आणि नेमका जयवंत त्याच वर्षी फर्स्ट इयरला नापास झाला. बाप आणि लेक एका वर्गात आले. हजेरी घेताना प्रोफेसर 'परब जी. आर.' म्हणत. पुढच्या बाकावरून खणखणीत 'प्रेझेंट सर' येई, मागची बाकं खिंकाळत, आणि त्या खिंकाळण्यातच 'परब जे. जी.' हे नाव बुडून जाई. बुडालं नाही तरी उत्तर क्वचितच येई. जयवंत बहुतेक वेळा समोरच्या इराण्याच्या हॉटेलात बसलेला असे.

बापाचं सगळंच त्याला हास्यास्पद वाटे. धोतरावर चढवलेला कोट. इंग्रजी वाचताना हलणारे ओठ. प्रोफेसरांच्या विनोदावर सगळा वर्ग हसून गप्प झाल्यावर, अर्थ लागला की एकट्यानंच हसणं. एकदा रामदासनं गुणाजींची चाल करून दाखवली, तेव्हा जयवंतनंच त्याची चूक दुरुस्त केली होती. म्हातारा डावा खांदा पाडून चालतो, त्यानं सांगितलं.

सिनेमा पाहून तो घरी आला तेव्हा आई, जाईबाई, चुलीपाशी मासे परतत होती. रविवार असल्यानं गुणाजी घरीच होते. दाराशी पाट टाकून वाचत बसले होते.

"कसो होतो सिनेमा?" त्यांनी विचारलं.

"बरा होता. एक म्हातारा कॉलेजात जातो."

गुणाजींनी पुस्तक मिटलं. "मगे?"

"मग काय. पडतो, झडतो. लोक हसतात."

"पास होता?"

"पास व्हायला तो गेलेलाच नसतो. मुलीसाठी स्थळ हेरायला जातो. शेवटी लग्न लागतं."

गुणाजींनी थोडा विचार केला. "स्थळ बघूक कॉलेजात कित्याक जाऊक व्हया?" ते म्हणाले आणि पुन्हा पुस्तक उघडलं. ज्या सिनेमाला तो इतका वेळ हसला, त्याची त्यांनी एका वाक्यात केलेली वासलात जयवंतला आवडली नाही. या माणसाला विनोदही कळत नाही, असं मनाशी म्हणून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीचे होते. लालबाग-परळात दिवसाआड सभा होत, पोरं भिंती रंगवत, बायका घोषणा देत रस्त्यावर येत. जयवंतला त्यातलं काहीच पसंत नव्हतं. ओरडून कुणाला राज्य मिळत नाही, असं तो म्हणे. खरं म्हणजे घाम, धक्के आणि चुरगळलेला सदरा या तिन्ही गोष्टी त्याला सोसत नसत.

त्या आठवड्यात एका सकाळी कॉलेजची मुलं तास सोडून मोर्चाला गेली. जयवंत इराण्याकडे गेला. दुपारी तो घरी पोचला, तर शेजारचे सीताराम दारात उभे आणि आई डबा बांधत होती.

"लालबागच्या नाक्यावर लाठीमार झाला," सीताराम म्हणाले. "गुणाजीला धरून नेलंय. चौकीवर आहे."

"ते कशाला गेले तिथे?"

"वर्ग गेला म्हणून गेले," सीताराम म्हणाले.

जयवंतनं डबा घेतला. वाटभर तो मनातल्या मनात बापाला बोल लावत होता. पोरांच्या घोळक्यात धावणारा तो कोट त्याच्या डोळ्यांसमोर येत होता, आणि पडद्यावरची घरंगळणारी टोपीही.

चौकीत माणसं दाटली होती. गजांपलीकडे त्याच्या वर्गातली निम्मी मुलं बसली होती. रामदासच्या कपाळाला गुणाजींचा पंचा बांधलेला होता, त्यावर रक्त उमटलं होतं. गुणाजी त्याच्याशेजारी मांडी घालून बसले होते. कोटाची एक बाही खांद्यापाशी उसवली होती.

"मी गुणाजी परबांचा मुलगा," जयवंतनं टेबलामागच्या फौजदाराला सांगितलं. "चुकून पकडलंय त्यांना."

फौजदारानं त्याला नीट पाहून घेतलं. "बरं झालं आलास. गिरणीवाल्या बुजुर्गांना दम देऊन सोडतोय आम्ही, आत जागाच नाही. पण हा बाबा हटून बसलाय. धंदा विचारला, तर म्हणतो विद्यार्थी." मागचे शिपाई हसले. "तो सिनेमा लागलाय ना, तो बघून आलाय की काय? हे बघ, विद्यार्थी असेल तर उद्या या पोरांबरोबर कोर्टात उभा राहील. नसेल तर आत्ता घेऊन जा. बोल, आहे का विद्यार्थी?"

"विद्यार्थी कसले, साहेब," जयवंत म्हणाला. "साचेवाले आहेत. सिनेमा बघून डोकं फिरलंय त्यांचं."

बापाला सोडवायला म्हणून बोललो, असं त्यानं लगेच स्वतःला सांगितलं. पण बोलताना बरं वाटलं होतं, तेही त्याला कळलं.

गजांपलीकडे हालचाल झाली. "साहेब, ते आमच्या वर्गात आहेत," रामदास म्हणाला.

"पुढच्या बाकावर बसतात," आणखी कुणीतरी बोललं.

फौजदारानं लेखणी खाली ठेवली. "काय बाबा, पोरगा तर नाही म्हणतोय. तुमचाच ना हा?"

गुणाजी उठले. ते जयवंतकडे बघून बोलले नाहीत, फौजदाराकडे बघून बोलले. साच्यावर धागा तुटलाय हे मुकादमाला सांगावं, तसा आवाज होता.

"माझाच आहे, साहेब. पण तो वर्गात फारसा येत नाही. कोण विद्यार्थी आहे नि कोण नाही, हे त्याला कसं ठाऊक असणार?"

शिपाई पुन्हा हसले. या वेळी ते जयवंतकडे बघून हसले. फौजदारानं मान हलवली आणि लेखणी उचलून लिहायला घेतलं.

जयवंतनं डबा गजांतून आत सरकवला. गुणाजींनी तो घेतला, उघडला आणि पहिली भाकरी मोडून रामदासच्या हातात ठेवली. जयवंत निघाला.

जाईबाई जिन्याच्या तोंडाशी वाट बघत होती. तो एकटाच येताना पाहून ती दोन पायऱ्या खाली आली.

"सोडूक नाय तेंका?"

"नाय."

"कित्याक? म्हाताऱ्या माणसांका सोडतत, सीतारामभावजी म्हणत होते."

जयवंतनं कठड्याला हात टेकला. घरात तो सहसा आईच्या बोलीत बोलत नसे.

"ते विद्यार्थी आसत," तो म्हणाला. "विद्यार्थ्यांका सोडणत नाय."

जाईबाईनं त्याच्याकडे पाहिलं. इस्त्रीचा सदरा, नीट बसवलेले केस, चकचकीत चपला.

"आणि तू?" तिनं विचारलं.

जयवंतनं बाहीची घडी सोडली, पुन्हा घातली, आणि परत सोडली.