भरलेला कप

चारच्या सुट्टीचा ट्रे खिडकीतून आत सरकला. मावशींनी वर न बघताच त्यात हात घातला आणि बोटं गारढोण चहात बुडाली. पुन्हा एक कप काठोकाठ भरलेला.

"आला तुमचा पाहुणा परत," त्या म्हणाल्या.

काउंटरवरचा कँटीनवाला नुसता हसला. गेले दोन आठवडे हे रोजचंच होतं. दोन कप जायचे, एक पिऊन यायचा, एक तसाच.

मावशी एकोणतीस वर्षं या कॉलेजच्या कँटीनमध्ये कप विसळत होत्या. मोरीवरच्या खिडकीतून त्यांना फक्त ट्रे धरलेले हात दिसत, म्हणून माणसं ओळखायची ती कपावरून. तळाशी बिस्किटाचा गाळ असला तर तासाला पळालेलं पोर. काठावर लालीची चंद्रकोर असली तर ऑफिसातल्या बाई. अर्धा टाकलेला म्हणजे परीक्षा, नाहीतर भांडण. भरलेला कप मात्र त्यांना काही केल्या वाचता येईना.

हात पाण्यात असले की त्यांच्या ओठांवर काहीबाही जुळायचं. त्या दिवशी जुळलं ते त्या जरा मोठ्यानेच गुणगुणल्या:

एक कप रिता बाई, एक कप भरला,
कोण पाहुणा गं तुझा वाटेत राहिला?

खिडकीपाशी उभी असलेली पोरं फिसकन हसली. मावशींनी वाकून खिडकीबाहेर पाहिलं. एकाने कोपऱ्यातल्या टेबलाकडे मान वळवली, तशा सगळ्यांच्या माना वळल्या. तिथे एकटी बसलेली चष्मेवाली मुलगी उठली, पिशवी खांद्याला लावली आणि कुणाकडे न बघता बाहेर पडली. चालताना तिची पिशवी दाराच्या कडीत अडकली. तेवढ्यावरही कुणीतरी हसलं.

मावशींना ते बरं वाटलं नाही. मन वळवायला त्यांनी फळीवरचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. परगावी शिकायला ठेवलेल्या मुलाचा फोटो आला होता. रोज यायचा. टेबल, चहाचे दोन कप आणि त्यामागे हसणारं लेकरू. त्यांनी त्याखाली आवडल्याचा अंगठा उमटवला आणि फोटो कँटीनवाल्याला दाखवला. कधी म्हणून एकटा नसतो, असं त्याला वर सांगितलंही. बोलणं महिना-महिना व्हायचं नाही. पण फोटो रोज दिसतो ना, मग बोलायचं काय राहतं, असं मुलगाच म्हणायचा आणि त्यांनाही ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर मागच्या दाराशी चष्मेवाली उभी. हातात तसाच भरलेला कप.

"मावशी, हा मीच ओतते. उद्यापासून एकच घेईन."

"अगं, मी आपलं कपाला म्हटलं होतं."

"कप माझा होता ना पण."

मग मोरीकडे बघत तिने बाकीचं सांगितलं. पहिल्या महिन्यात तीन-चार मुलींबरोबर बसायची. पुढे त्यांचं त्यांचं जमलं, हिला कुणी नको म्हटलं नाही, पण चल असंही म्हणेनासं झालं. आई रोज फोनवर विचारायची, कोणाबरोबर बसतेस. एकदा टेबलावर कुणाचातरी कप राहिला होता, तो आईला पाठवलेल्या फोटोत आला. त्या दिवशी आईने प्रश्न विचारला नाही. तेव्हापासून ती दोन कप घेऊ लागली.

"आणि फोनमधले मित्र?"

"चारशे बारा आहेत. फोटो टाकला की आवडला म्हणून दाबतात. चहाला कोण येतंय?"

कप तिने स्वतःच विसळला, पालथा घातला आणि गेली.

मावशींनी हात अ‍ॅप्रनला पुसले. फोन पिशवीतून काढला. आजचा फोटो येऊन पडला होता. आजवर त्या फोटोत मुलाचे दात बघायच्या, हसतोय ना एवढं बघायच्या. आज पहिल्यांदा त्यांनी कप बघितला. मुलापुढचा निम्मा झालेला. पलीकडचा काठोकाठ, आणि त्यावर जाड, सुरकुतलेली साय. समोरची खुर्ची टेबलाखाली ढकललेली. त्यांनी कालचा काढला. परवाचा. त्याच्या आधीचे. सगळीकडे तीच साय, आणि प्रत्येकाखाली त्यांचा अंगठा.

मागच्या खोक्यांपाशी जाऊन त्यांनी फोन लावला.

"काय झालं आई?" मुलाचा आवाज घाबरा.

"काही नाही. चहाला समोर कोण असतं रे?"

"मित्र."

"त्याच्या चहावर साय धरलीय."

  

"तू कप बघतेस?"

"मला दुसरं काय येतं?"

तो हसल्यासारखा आवाज आला, पण ते हसू नव्हतं. मोरीतलं पाणी वाहून जात होतं, कँटीनवाल्याने दोनदा हाक मारली, मावशी हलल्या नाहीत. मग थोडं थोडं बाहेर आलं. दोन विषय राहिले होते. बरोबरची मुलं वरच्या वर्गात गेली होती. नव्या वर्गात तो मागच्या बाकावर असायचा. आईला कळू नये म्हणून रोज दुसरा कप.  मावशींनी याहून जास्त ओढून काढलं नाही.

"उद्या चहाच्या वेळी फोन कर," एवढंच त्या म्हणाल्या. "फोटो नको."

दुसऱ्या दिवशी चारला त्यांनी अ‍ॅप्रन खिळ्याला अडकवला. एकोणतीस वर्षांत त्या खिडकीच्या त्या बाजूला कधी बसल्या नव्हत्या. आपला चहा घेऊन त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी गेल्या. चष्मेवालीपुढे एकच कप होता.

"सरक," त्या म्हणाल्या. मुलीने आपली वही ओढून घेतली. दोघी चहा प्यायल्या.

फोन थरथरला. फोन कर म्हटलं होतं, तरी त्याने फोटोच पाठवला होता. टेबलावर एकच कप, निम्मा झालेला. मुलगा फोटोत नव्हता. समोर रिकामी खुर्ची होती, आणि यावेळी तिच्यापुढे काही मांडलेलं नव्हतं.

सवयीने मावशींचा अंगठा वर आला. काचेपर्यंत जाऊन थांबला. मग त्यांनी नंबर लावला आणि फोन कानाशी धरला. चष्मेवाली उठायला लागली, तशी त्यांनी पाण्याने सुरकुतलेला हात तिच्या वहीवर ठेवला आणि तिला खाली बसवलं.