उपाशी माशाचा पांढरा दोरा

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता लाँड्रीतल्या काचेच्या टाकीतल्या माशाने दाणा तोंडात घेतला, दोनदा घोळवला आणि थुंकून टाकला. दुकानात दाटीवाटीने उभ्या असलेल्या चाळीसेक माणसांनी रोखलेला श्वास सोडला.

"आजही नाही खाल्लं!" मागून कोणीतरी म्हणालं.

"अकरा महिने," लाँड्रीवाला म्हणाला. त्याच्या इस्त्रीवर धूळ बसली होती. कपडे घेऊन आता कोणी येत नव्हतं. "अकरा महिने अन्नाचा कण नाही. आपलं एक वेळचं जेवण चुकलं तर आपण घर डोक्यावर घेतो! कपाळावरचा डोळा बघा. तोंड कायम भिंतीकडे. रंग बघा, कसा काळवंडलाय. कोणाचं दुखणं प्यायलाय तो? तुमचं!"

मासा थाळीसारखा गोल आणि चपटा होता. पोट आत गेलेलं, कपाळावर खड्डा. पोटाखाली पांढरा, चिकट दोरा लोंबत होता. तो गळून पडला की लाँड्रीवाला चिमट्याने उचलायचा, वाळवायचा आणि ताईतात घालून विकायचा.

रांगेत तिसरा दादा होता, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. ताईत गळ्यात होताच, आज तो टाकीतलं पाणी न्यायला आला होता. मागे त्याची धाकटी बहीण. ती बारा वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लोकांच्या शौचाची तपासणी करत आली होती. दोरा काय आहे, हे कळायला तिला क्षणही लागला नाही.

"दादा, ती त्याची शी आहे."

"छोटे, तुझं आयुष्य त्यातच गेलं. तुला सगळीकडे तेच दिसणार."

रांग खो खो हसली. दादाही हसला आणि लंगडत एक पाऊल पुढे सरकला.

त्याला मधुमेह होता. पायाच्या अंगठ्याची जखम चार महिने भरत नव्हती. इन्सुलिन चुकवलंत तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दादाने इन्सुलिन सोडून एकोणीस दिवस झाले होते. जखमेवर तो टाकीतलं पाणी लावत होता. त्याची बायको, म्हणजे वहिनी, समजावून थकली होती.

त्या दुपारी दादाचा डोळा लागल्यावर वहिनीने ताईत उघडला आणि दोऱ्याचा तुकडा कागदात गुंडाळून नणंदेच्या हातात ठेवला. तिने तो मिठाच्या पाण्यात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पिंपाच्या आकाराची अंडी, दोन्ही टोकांना बुचं. माणसाच्या पोटातल्या एका जंताची अंडी थेट अशीच दिसतात. संध्याकाळी ती शोभेच्या माशांच्या दुकानात गेली.

"खाऊन थुंकणं, पांढरी शी, खपाटीला गेलेलं पोट," म्हातारा दुकानदार म्हणाला. "मासे पाळणारं शेंबडं पोरही सांगेल, आतड्यात काहीतरी आहे म्हणून. एक तर जंत, नाहीतर डोळ्यांना न दिसणारे जीव. कपाळावरचा खड्डा बहुधा त्या दुसऱ्यांचा. वेळेत औषध दिलं तर वाचतो."

"मग लाँड्रीवाल्याला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. म्हणाला, बरा झाला तर मी लोकांना दाखवू काय? दर दोन महिन्यांनी मासा नेतो. हाच आकार, हाच रंग. मागच्या खोलीत टब आहे त्याचा. जुन्याचं घाण पाणी नव्याच्या टबात ओततो. तो खंगला की पुढे आणतो."

"आणि हे तुम्ही लोकांना सांगितलं नाहीत."

म्हाताऱ्याने टाकीत जाळी घातली आणि उगाचच पाणी ढवळत राहिला.

बुधवारी सकाळी ती सूक्ष्मदर्शक घेऊन लाँड्रीत गेली आणि तो गल्ल्याशेजारी मांडला. "एकेकाने या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ही जंतांची अंडी आहेत. हा मासा उपास करत नाही, त्याला खाता येत नाही. आणि अकरा महिने हाच मासा नाही."

एक बाई वाकली. "अगंबाई, आहे खरं काहीतरी!"

लाँड्रीवाल्याने क्षणभर ओठ चावला. मग त्याचा आवाज चढला. "बघा! मी सांगून थकलो, आता यंत्र सांगतंय. तुमच्या रोगाचं बीज! तुमच्या अंगातून ओढून त्याने बाहेर टाकलंय!"

रांग सूक्ष्मदर्शकाकडे वळली. ज्याला त्याला आपला रोग बघायचा होता.

तिने मागच्या खोलीचा पडदा ओढला. तीन टब. पहिल्यात धडधाकट मासा, दुसऱ्यात मलूल, तिसऱ्यात कातडं उरलेला. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

"म्हणजे," एक म्हातारा हळूच म्हणाला, "एकूण चौघे आहेत?"

"चौघे!" लाँड्रीवाल्याने शब्द वरचेवर झेलला. "शिष्य तयार होताहेत!"

पालथ्या घड्यावर पाणी. तरीही ती बोलली, कारण दादा ऐकत होता. "मासा खात नसेल तर तो आजारी आहे. जखम भरत नसेल तर ती चिघळतेय. एवढं कळायला शिक्षण लागत नाही. बघा, विचारा, पडताळा. मी म्हणते म्हणूनसुद्धा मानू नका. पण तोवर औषध सोडू नका."

दादा सूक्ष्मदर्शकापाशी आला आणि बराच वेळ बघत राहिला.

"ही अंडी तर आहेत," तो म्हणाला.

"हो."

"माझ्या ताईतातली?"

"हो, दादा."

तो लंगडत घरी गेला.

शुक्रवारी सकाळी सात वाजता शाळेची बस दुसऱ्या ड्रायव्हरने नेली. साडेसातला बहिणीने दादाची साखर तपासली: चारशे बारा. अंगठा टोकाकडून काळा पडू लागला होता. ताईत गळ्यात नव्हता, शर्टाच्या खिशात होता. इन्सुलिन फ्रीजच्या दारात होतं, खोक्याचं सील न फोडलेलं. डॉक्टरांना किती वाजता भेटायचं, असं दादाने विचारलं. अकरा, ती म्हणाली. साडेनऊला प्रयोगशाळेत वहिनीचा फोन आला, ते घरात नाहीत, टाकीचं पाणी आणायची बाटलीही नाही.