ऐन पंगतीतून गेलेली

“मग लताबाईंचंच नाव लिहू ना?” गटाची वही लिहिणाऱ्या दिपमालाने पेनाचं टोपण काढत विचारलं, आणि अंगणवाडीच्या खोलीत बसलेल्या सगळ्या बायांनी माना हलवल्या. माझी तेवढी हलली नाही.

धुळ्याला बायकांसाठी एक केंद्र निघालं होतं. तिथे वीस पोरींना खापरावरचे मांडे शिकवायला आमच्या बचत गटातून एक बाई हवी होती. वर्षभर, दर सोमवारी जायचं. भिंतीवर तिचं नाव आणि फोटो लागणार होता. पोरी तिला मॅडम म्हणणार होत्या. आता मला एकसष्टावं चालू आहे. आजवर मला कमलबाई म्हणाले, वहिनी म्हणाले, भूषणची माय म्हणाले. मॅडम कुणी म्हटलं नाही.

गावात मांडे येतात ते दोघींना, मला आणि लताला. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. दोघींचं लग्न एकाच साली झालं, दोघी एकाच सासूच्या हाताखाली शिकलो, माझ्या. आणि लोक काय म्हणतात? कमलबाईचा मांडा चवीला चांगला, पण लताबाईचा मांडा डोळ्यांपुढे धरला तर पलीकडचा माणूस दिसतो. हे मी तीस वर्षं ऐकते आहे. मी काय आंधळी आहे, मलाही दिसतो तो माणूस.

नुसत्या मांड्यांचं असतं तर सोसलं असतं. तिच्या सुना भांडत नाहीत. तिचा नवरा नवल अजून भाजी निवडू लागतो. केससुद्धा माझे पिकले ते राखेसारखे, तिचे पिकले ते चांदीसारखे. देव एखादीला द्यायला बसला की हात आखडत नाही. मी जळत होते, सांगून टाकते. आज नाही, फार दिवसांपासून.

“लिहा,” मी म्हटलं. “पण शिकवायला पाठवताय, तर बाई शब्दाची पक्की आहे का ते बघून लिहा.”

दिपमालाने पेन थांबवलं. “म्हणजे काय मावशी?”

“माझ्या नणंदेच्या लग्नात हिने सुपारी घेतली होती. मांडे आम्ही दोघींनी करायचे होते. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, आणि ही मळलेली कणीक परातीत टाकून निघून गेली. ऐन पंगतीतून. वऱ्हाडाची शेवटची पंगत नुसत्या वरण-भातावर उठली. विचारा तिला.”

दिपमालाचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. तिच्या शेजारी बसलेल्या पोरींचा तर नव्हताच. पण तोंडं अशी झाली, जशी ती पंगत त्यांच्याच ताटावरून उठली होती. “लग्नात असं?” एक जण म्हणाली. “सुपारी घेऊन? मग कुणावर भरवसा ठेवायचा?” दुसरी म्हणाली. दिपमालाच्या तर अंगात न्यायाधीशच संचारला. “काहीही असो, शब्द म्हणजे शब्द. लताबाई, हे खरं आहे का?”

लता भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “हो. गेले होते मी.”

“का?”

“काम होतं.”

एवढंच. दिपमालाने लताचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. मी घरी येताना रस्त्यात कुणाशी बोलले नाही. उगाच हसू फुटेल म्हणून.

झुलाल, आमचे हे, ओट्यावर पाय सोडून बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. माझं नाव लागलं, सोमवारी धुळ्याला जायचं, फोटो भूषणच्या लग्नातला दिलाय. आणि ते कसं लागलं तेही सांगितलं. नवऱ्याला नाही सांगायचं तर कुणाला?

त्यांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला.

“तू असं सांगं?”

“खरं तेच सांगितलं. गेली की नाही ती?”

“गयी. पन तूच तिले सांगेल व्हतं ना, जाय म्हनीसन.”

“मी?”

“इसरी गयी का? नवल नरडाणाले टेसनवर बशेल व्हता. सुरतनी गाडी येवाले घंटाभर व्हता. निरोप तुनाच कानवर उना पहिले.”

मी खाली बसले.

हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. नवल तेव्हा बायकोला सोडून सुरतेला निघून गेला होता. दोन वर्षं त्याचं पत्र नाही, पत्ता नाही. लता पदरात पोर घेऊन भावाच्या दारी पडली होती. लग्नाच्या दिवशी कुणीतरी सांगत आलं की नवल कुणाच्या तरी मौतीला आला होता, आता नरडाण्याच्या स्टेशनवर बसलाय, दुपारच्या गाडीने परत चाललाय. लता खापरासमोर होती. हातावर अर्धा वाढलेला मांडा. ती हलली नाही. म्हणाली, सुपारी घेतेल शे मी, पंगत बशेल शे. आणि मी तिच्या हातावरचा मांडा माझ्या हातावर घेतला. म्हटलं, “जाय तू. मी देखी लिसू.”

हो, मी बघून घेईन असं म्हटलं होतं मी. आता तर तिच्या बांगड्यांना लागलेली कणीकसुद्धा दिसायला लागली.

“मीच तिले सायकलवर टेसनवर सोडी उनू,” हे सांगत होते. “धाप लागनी व्हती माले. आन संध्याकायले ती नवलले घीसन उनी, तवय आबा काय बोलना? मन्ही पोरना लगीनमा दोन संसार लागनात. वरण-भात जेवनारा पाव्हना बी हासनात.”

खरंच हसले होते. ज्यांच्या ताटात मांडा पडला नाही, ते काही बोलले नव्हते. आबा म्हणजे माझे सासरे, ज्यांची अब्रू गेली असती, त्यांनी बायांकडून लता-नवलला ओवाळून घेतलं होतं. आणि मी त्या दिवशी दिवस मावळेपर्यंत एकटीने मांडे केले, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, तरी मनात कसली म्हणून कुरकुर नव्हती.

देवाशपथ सांगते, सभेत मी खोटं बोलत नव्हते. सत्तावीस वर्षांत ती गाडी गळून गेली, नवल गळून गेला, माझा तो शब्द गळून गेला. राहिलं काय, तर परात, कणीक आणि पाठमोरी लता. जे राहिलं तेवढंच मी सांगितलं. आणि काय राहू द्यायचं ते माझ्या जळकेपणाने ठरवलं असणार, दुसऱ्या कुणी नाही.

सकाळी आधी दिपमालाकडे गेले. ती पोराचा डबा भरत होती. मी दारातच सांगितलं, की लता तशी गेली नव्हती, मीच पाठवली होती.

“अहो मावशी, नाव तर रात्रीच पाठवलं मी. फोटोसकट.”

“मग बदल.”

“आता त्यांना काय सांगू? आणि किती जुनी गोष्ट ती. सत्तावीस वर्षं झाली. एवढं काय धरून बसायचं?”

“कालही सत्तावीसच झाली होती.”

ती डब्याचं झाकण लावत हसली. तिला ते लागलं नाही. “बरं, दोघी मिळून ठरवा,” म्हणाली. “बदलायचंच असेल तर दुपारपर्यंत सांगा. फोन करते मी.”

तिथून लताच्या घरी. ती चुलीपाशी होती. मला बघून पाट सरकवला आणि चहाचं आधण ठेवलं. नवल मागच्या अंगणात म्हशीला पाणी दाखवत होता. त्याने मला पाहून हात जोडले. सत्तावीस वर्षं तो मला बघितलं की हात जोडतो, आणि मी समजत होते की माणूसच तसा नम्र आहे.

“लता,” मी म्हटलं, “तू काल बोलली काब्र नही?”

“काय बोलू? गयेल तं व्हतूच मी.”

“मी जाय म्हटलं होतं, ते.”

तिने चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला. मग ती माझ्या समोर बसली.

“ते मी कशी सांगू कमल? मन्ही सुटका व्हवाले मी तुनं नाव पुढे करू? तुनं चांगलं तू सांगाले पाहिजे व्हतं. मी घरमा बठ्ठासले सांगेल शे ते. पोरेसले बी, सुनासले बी. तुले इसर पडना, तं पडना.”

माझ्याबद्दल एक चांगली गोष्ट या घरात इतकी वर्षं सांगितली जात होती, आणि बाहेर मी तिची काय गत करून आले होते.

“सोमवारले कोनती गाडी?” लताने विचारलं.

“नऊची.”

“मंग गहू आजच ओलवी ठेव. नही तं मांडा हातवर फाटस. आन पोरीसले पहिल्याच दिन खापरजोडे बसाडू नको, घाबरतीन. दोन-तीन दिन नुसतं हातवर झेलू दे.”

मी विचार केला नव्हता यातला कशाचाच. ती बोलत होती आणि मला स्वच्छ दिसत होतं, की त्या वीस पोरींना शिकवायला बाई कोण हवी. दुपारपर्यंत वेळ होता. मला दोनच शब्द बोलायचे होते, तू जा. त्या दिवशी चौतिसाव्या वर्षी, पंगत बसलेली असताना, सासरा दारात उभा असताना, ते किती चटकन निघाले होते तोंडातून. विचारसुद्धा करावा लागला नव्हता.

मी ते शब्द जिभेवर धरून बसले. चहा संपला. लताने कप विसळून पालथा घातला. नवल आत येऊन टेकला, उन्हाचं काहीबाही बोलला. तरी मी धरूनच बसले होते.

मग उठले, घरी आले, पाच शेर गहू निवडले आणि ओलवायला घेतले.